भाड्याचा वड

आपलं पत्र सरकारदरबारी कुणी वाचत नाही, या भरवशावर माणूस वाटेल ते लिहितो. श्रीपाद करंबेळकरांनीही तेच केलं होतं. फरक इतकाच, की त्यांचं पत्र वाचलं गेलं.

झालं होतं असं. महापालिकेनं (कुठल्या ते विचारू नका, फायली उडवणारा पंखा सगळ्याच महापालिकांत असतो) 'वृक्ष व विकास धोरणा'चा मसुदा काढला आणि नागरिकांकडून हरकती व सूचना मागवल्या. इमारती उभ्या राहायला हव्यात, कारण त्यांच्यावर कर लागतो. झाडंही राहायला हवीत, कारण तसं वरून पत्र आलेलं. या दोहोंचा मेळ कसा घालायचा ते नागरिकांनीच सांगावं, अशी ती जाहिरात होती. लाखो नागरिकांपैकी एकानंच सांगितलं. वागळे इस्टेटमधल्या पंपांच्या कारखान्यात बावीस वर्षं ड्राफ्ट्समन असलेल्या करंबेळकरांनी सतरा पानं, सतरा कलमं आणि चार आकृत्या पाठवल्या. दुसरी सूचनाच न आल्यामुळे ही सर्वोत्तम ठरली. धोरण मंजूर झालं तेव्हा त्यातला करंबेळकरांचा स्वल्पविरामसुद्धा जागचा हलला नव्हता.

करंबेळकरांना मात्र याचा पत्ता नव्हता. पत्र टाकून ते विसरून गेले होते. त्यांना ते कळलं त्र्याण्णव सालच्या मे महिन्यात, नोटीस आल्यावर.

नोटीस आली 'वनवैभव सहकारी गृहनिर्माण संस्थे'ला. डोंबिवली पश्चिमेला खाडीच्या अंगाला तीन मजले आणि चोवीस बिऱ्हाडं. नाव बिल्डरनं ठेवलेलं. वन म्हणावं तर दुसऱ्या मजल्यावर एक मनीप्लांट होता आणि वैभव म्हणावं तर टाकीला आलेलं शेवाळ. बिल्डर दुबईला गेला की दापोलीला, याबद्दल संस्थेत दोन तट होते, पण तो पूर्णत्वाचा दाखला न काढता गेला यावर एकमत होतं. दाखला नाही म्हणून नळाचं कायमचं कनेक्शन नाही. तात्पुरत्या अर्ध्या इंची नळाला पहाटे वीस मिनिटं पाणी यायचं आणि त्या वीस मिनिटांत चोवीस बायका ज्या शिस्तीनं हंडे भरत, ती शिस्त लष्कराला दाखवण्यासारखी होती. आता नोटीस म्हणत होती, की धोरणाच्या कलम तीननुसार नकाशातली चौदा झाडं तीस दिवसांत दाखवा, नाहीतर हा अर्ध्या इंचाचा नळही तोडण्यात येईल.

करंबेळकर संस्थेचे सचिव होते. अक्षर चांगलं, एवढाच गुन्हा. ते तडक महापालिकेत गेले. वृक्ष अधिकाऱ्यांचं नाव परशुराम भोईर. हातात परशू घेतलेल्या देवाचं नाव असलेल्या माणसाला झाडं राखायला बसवलंय, हे करंबेळकरांना पाटी वाचतानाच खटकलं होतं. माणूस पन्नाशीचा, इथल्याच गावचा आणि अतिशय शांत होता.

"भोईरसाहेब, माणसं आधी की झाडं आधी?" करंबेळकरांनी उभ्याउभ्याच सुरू केलं. "आयुष्यात एक हंडा न भरलेल्या कुणा दीडशहाण्यानं घरात पंख्याखाली बसून हे कलम पाडलेलं दिसतंय! झाड नाही तर पाणी नाही! अहो, पाणी नाही तर झाड कुठून येणार? एवढीही अक्कल ज्याला नाही त्याला..."

भोईरांनी फाईल उघडली, एक पान काढलं आणि ते करंबेळकरांकडे फिरवलं. अक्षर सुंदर होतं. करंबेळकरांनी ते ओळखलं. खालची सहीही ओळखली.

"श्री. वि. करंबेळकर, आपणच ना?" भोईर म्हणाले. "आकृती क्रमांक दोन फार आवडली सगळ्यांना. आम्ही तीच छापली."

आकृती दोनमध्ये एक झाड आणि त्याच्या शेजारी एक माणूस होता. झाड किमान संस्थेच्या सचिवाइतकं उंच हवं, ही अट समजावी म्हणून. सचिवाला चष्मा होता, थोडं टक्कल होतं आणि चेहऱ्यावर कर्तव्याचं समाधान होतं.

"काय म्हणाले?" घरी आल्यावर सुमतीबाईंनी विचारलं.

"नियम कडक आहेत," करंबेळकर बूट काढत म्हणाले, "पण विचारपूर्वक केलेले आहेत." कुणी केलेत, ते त्यांनी सांगितलं नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली की काही गोष्टी न सांगण्याची सवय होते.

त्या रात्री त्यांनी इमारतीचा मंजूर नकाशा पसरला. नकाशात चौदा गोल होते. एक गोल म्हणजे एक झाड. आणि झाड गोलाच्या जागीच हवं, फूटभरही इकडे-तिकडे चालणार नाही, असं कलम पाच सांगत होतं. (त्या कलमाखाली 'नाहीतर लोक कुंड्या सरकवतील' अशी टीपही होती.) सकाळी टेप घेऊन ते गोल शोधायला निघाले. चार गोल स्कूटरच्या शेडमध्ये निघाले. एक संडासाच्या टाकीवर, एक वॉचमनच्या खोलीत, त्याच्या कॉटखाली. सातवा गोल तेवढा गेटपाशी उघड्या जमिनीवर होता. आणि नववा गोल मोजत मोजत ते तळमजल्यावरच्या सुधीर राजेंच्या घरात शिरले आणि त्यांच्या ओट्यापाशी थांबले. सुधीरनं मागची गॅलरी वाढवून स्वयंपाकघर केलं होतं, त्यामुळे नववं झाड गॅस आणि फ्रिज यांच्यामध्ये येत होतं.

"जांभूळ लावू या का?" सुधीरची बायको नीला म्हणाली. "आमच्या ह्यांना शुगर आहे."

त्याच रविवारी सभा झाली. मराठी माणसाला फुकट सल्ला द्यायला सभा लागत नाही, पण सभेत तो जास्त जोरात देता येतो. एकानं तुळस चालेल का विचारलं. दुसऱ्यानं प्लास्टिकची झाडं हल्ली ओळखू येत नाहीत अशी माहिती दिली. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी उपोषण सुचवलं, पण ते करंबेळकरांनी करावं असं त्यांचं म्हणणं होतं. एवढ्यात गेटपाशी टोपली टेकून बसलेली मनुबाई कोळीण हसायला लागली.

"झारांची काय कमी हाय? खाडीत तिवरांचं रान होतं रान! तुमची ही बिल्डिंग कशावर उभी हाय, ठावं हाय? आमच्या तिवरांवर भराव टाकला ना तुमच्या बिल्डरनं! आमी लहानपनी इथंच चिखलातल्या निवट्या पकडायचो. आता बसलाव चौदा झारांसाठी डोकी धरून!"

करंबेळकरांना खरोखरच लाज वाटली. मग कुणीतरी "पुढचा विषय" म्हणालं आणि ती लाज इतिवृत्तात न जाता तिथंच राहिली.

सभा संपल्यावर सुधीरनं करंबेळकरांना जिन्याखाली ओढलं. सुधीर विक्री खात्यात होता, त्यामुळे प्रत्येक गोष्ट जिन्याखालीच सांगायचा.

"काका, टेन्शन कशाला घेता? माजिवड्याला भिवा नर्सरीवाला आहे. तो तपासणीची झाडं देतो."

"तपासणीची म्हणजे?"

"भाड्यानं हो! सकाळी टेम्पो येतो, खड्डे करतो, ड्रमसकट झाडं पुरतो, वरनं माती. साहेब येतात, मोजतात, टिक करतात. दुसऱ्या दिवशी टेम्पो झाडं घेऊन पुढच्या सोसायटीत. अर्धी डोंबिवली अशीच हिरवी झालीय. मी ठाकुर्लीला आमच्या मेव्हण्याकडे बघून आलेलो."

"सुधीर," करंबेळकर छाती काढून म्हणाले, "ही फसवणूक आहे. आणि मी, श्रीपाद करंबेळकर, जिवात जीव असेपर्यंत..."

मंगळवारी पहाटे अर्ध्या इंची नळाला पाण्याऐवजी नुसता सुस्कारा आला. उन्हाळ्याचं तसंच असतं. दिवा गावाकडून एक टँकर आला, त्यातलं पाणी बघून नीलानं डाळ धुवायचा बेत रद्द केला. सुमतीबाई दोन कळश्या घेऊन तिसऱ्या गल्लीतल्या बोअरवर गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांचा उजवा खांदा हलेना. त्यांनी नुसता आयोडेक्स मागितला. करंबेळकर त्यांचा खांदा चोळत होते आणि कलम तीन लिहिणाऱ्या माणसाबद्दल त्यांच्या मनात जे विचार येत होते, ते छापण्यासारखे नव्हते. ऑफिसातून संध्याकाळी ते परस्पर माजिवड्याला गेले.

भिवाची नर्सरी म्हणजे झाडांची धर्मशाळा होती. प्रत्येक झाड नुकतंच कुठून तरी आलेलं किंवा कुठं तरी निघालेलं. कडुनिंब, करंज, बदाम, सगळी तयार. भोईरांनी गुरुवारी ठेवलेल्या तपासणीसाठी करंबेळकरांनी यादी वाचली, चौदा झाडं, त्यातला किमान एक वड, पिंपळ किंवा उंबर, उंची सचिवाइतकी.

"ते कलम आठ!" भिवा म्हणाला. "त्या कलमानं जीव खाल्लाय आमचा. कुनी लिवलंय कोन जाने."

करंबेळकरांनी एका करंजाच्या पानाची बारकाईनं पाहणी केली.

वड एकच होता. बुंधा जरा डावीकडे कललेला, पानं थोडकी, ड्रम मात्र भला मोठा. भिवानं त्याच्या बुंध्यावर थाप मारली. "माझा कमावता मुलगा हाय हा. तपासनी गुरुवारी ना? तेरा झाडं आठ दिवस ठेवा, मी विचारनार नाय. पन हा वड शुक्रवारी उजाडायच्या आत माझ्या दारात पायजे. माझा टेम्पो पहाटे चारला येईल. नाय म्हंजे नाय चालनार."

शुक्रवारचं एवढं काय, हे करंबेळकरांनी विचारायला हवं होतं. पण कॅलेंडरवर दूधवाल्याचे खाडे सोडून दुसरं काही न पाहणारे पुरुष असे प्रश्न विचारत नाहीत.

बुधवारी संध्याकाळी टेम्पो आला आणि बघता बघता 'वनवैभव' नावाला जागलं. शेडमध्ये स्कूटरींच्या मधून चार कडुनिंब डोकावू लागले. वॉचमननं कॉट हलवून बदामाला जागा करून दिली आणि त्याच्यावर लेंगा वाळत घातला. नववं जांभूळ सुधीरच्या ओट्याशी उभं राहिलं. वरचा पंखा लागला की त्याची पानं भाजीत पडत. वड सातव्या गोलात, गेटपाशी पुरला. ड्रमची कड दिसू नये म्हणून करंबेळकरांनी स्वतः माती लोटली. नोकरीच्या इतक्या वर्षांत प्रथमच त्यांचा हात एका खोट्या रेषेवरून फिरला होता आणि त्यांना रात्री जेवण गेलं नाही.

गुरुवारी भोईर आले नाहीत. दुपारी निरोप आला. शनिवारी पाच जून, पर्यावरण दिन, त्याचे फलक रंगवून घ्यायला साहेबांना बसवलंय. तपासणी उद्या सकाळी दहाला. पर्यावरणामुळे झाडांची तपासणी लांबते, हे करंबेळकरांना आकृती काढून समजावण्यासारखं वाटलं, पण वेळ नव्हता. त्यांनी चौकातल्या फोनवरून नर्सरीला फोन लावला. तिकडे कुणी उचलला नाही. पहाटे चारला टेम्पो आला, तेव्हा करंबेळकरांनी ड्रायव्हरला चहा पाजला, हातापाया पडून दुपारपर्यंतची मुदत मागितली आणि तो "भिवाशेठ मारेल" म्हणत रिकामाच गेला.

करंबेळकर निश्चिंत मनानं आंघोळीला गेले. बाहेर आले तेव्हा खालून बांगड्यांचा आवाज येत होता. खिडकीतून बघतात तो गेटपाशी पंचवीस-तीस बायका नथी घालून, शालू नेसून, हातात आंबे आणि सुताची रिळं घेऊन उभ्या. सुमतीबाई सगळ्यात पुढे होत्या.

शुक्रवार, चार जून. वटपौर्णिमा.

वर्षानुवर्षं या बायका बाजारातून वडाची फांदी विकत आणून पाटावर पूजत आल्या होत्या. फांदीला सात फेरे घालायचे म्हणजे पाटाभोवती गुडघे आपटत फिरणं. आणि इथं साक्षात दारात मुळासकट वड! नीलानं आदल्या दिवशीच तीन गल्ल्यांत सांगून ठेवलं होतं. नऊ वाजेपर्यंत रांग रस्त्यावर गेली. साडेनऊला वडाचा बुंधा सुताखाली दिसेनासा झाला. मनुबाई कोळीणही आली, आज टोपली न घेता, हिरवंगार लुगडं नेसून, आणि रांगेतल्या सगळ्यांना ढकलून पुढे गेली.

बरोबर दहाला भोईर आले. आधी त्यांनी तेरा झाडं पाहिली. स्वयंपाकघरातल्या जांभळापाशी ते जरा जास्त थांबले. नीलानं त्यांना पोहे दिले, त्यात एक पान होतं. मग ते गेटपाशी आले, बायका बाजूला झाल्या आणि भोईर त्या कललेल्या झाडाकडे पाहून हसले.

"काय, बरं आहे ना?" ते झाडाला म्हणाले. मग करंबेळकरांकडे वळून हळूच, "तीन वर्षांत अकरा सोसायट्यांत भेटलोय मी याला. दगदग फार झालीय, पानं उतरली बघा. घ्या, कलम सोळा."

कलम सोळा म्हणजे प्रतिज्ञापत्र. सचिवानं झाडाच्या बुंध्याला उजवा हात लावून, उपस्थितांसमोर मोठ्यानं वाचायचं. ही कल्पना सुचली त्या संध्याकाळी करंबेळकर स्वतःवरच खूश होऊन दोनदा चहा प्याले होते.

त्यांनी हात पुढे केला. हाताला बुंधा लागलाच नाही, नुसतं सूत लागलं. सगळ्यात वरचा फेरा सुमतीबाईंचा होता. खांदा दुखत होता म्हणून त्यांनी तो डाव्या हातानं गुंडाळलेला, जरा सैल.

"मी, श्रीपाद विनायक करंबेळकर, असे प्रतिज्ञापूर्वक लिहून देतो की सदर वृक्ष संस्थेच्या मालकीचे असून ते कायम... कायमस्व..."

शब्द त्यांचाच होता. पण तो पुढे सरकेना. समोर सुमतीबाई तबक घेऊन उभ्या होत्या. या बाईनं आत्ताच पुढच्या सात जन्मांसाठी आपल्याला मागून घेतलंय आणि आपण तिला ड्रममधल्या झाडाला फेरे घालायला लावले, हे मनात आलं आणि करंबेळकरांनी कागद खाली केला.

"भाड्याचं आहे," ते म्हणाले. "सगळी झाडं भाड्याची आहेत. कलमं मात्र माझी आहेत. ही सगळी सतरा कलमं मीच लिहिली आहेत."

सुमतीबाईंनी हातातलं तबक खाली ठेवलं.

"म्हणजे आमचे सात जन्म भाड्याचे?" मागून एका आजींनी विचारलं.

नेमका त्याच वेळी टेम्पो गेटात वळला. भिवानं खाली उडी मारली, सुताचा तो खांब पाहिला आणि मटकन खालीच बसला. "यासाठीच सांगितलेलं! दर वटपुनवेला मी याला कुलपात ठेवतो! साहेब, उद्या ठाकुर्लीला तपासनी हाय, मी तिथं काय दाखवू?" मग त्याला भोईर दिसले आणि त्यानं जीभ चावली.

"मी ऐकलं नाही," भोईर म्हणाले.

"झार उचल, मी पन बघते कसा नेतोस!" मनुबाई पदर खोचून वडापुढे उभी राहिली. "सूत बांधलेला झार उपटशील? तिवरं नेली तेव्हा आमी गप बसलो. यो नाय जायचा."

तिच्या शेजारी सुमतीबाई येऊन उभ्या राहिल्या. मग नीला. मग पूर्ण रांग. भिवानं टेम्पोला टेकून बिडी पेटवली, ती उलटी धरून.

करंबेळकर मान खाली घालून भोईरांसमोर उभे होते. "नळ तोडा साहेब. कलम तीन आहे."

"तीन आहे," भोईर म्हणाले, "पण सतराही आहे. विसरलात वाटतं."

करंबेळकर खरंच विसरले होते. सतरावं पान रिकामं राहू नये म्हणून काहीतरी लिहिल्याचं अंधुक आठवत होतं. भोईरांनी फाईल उघडून त्यांच्यासमोर धरली. 'झाडे कमी आढळल्यास व सचिवाने त्याबाबत स्वतः होऊन खरे सांगितल्यास, सहा महिन्यांची मुदत द्यावी. तोपर्यंत पाणी तोडू नये. माणसे आहेत, चुकायचीच.'

"तीन वर्षांत दोनशे तपासण्या केल्या मी," भोईर म्हणाले. "हे कलम वापरायची वेळ कुणी आणलीच नाही. सगळ्यांची सगळी झाडं जागच्या जागी. मीही टिक करत गेलो. माझं शेत होतं हो खाडीपलीकडे, बांधावर असाच वड होता. एक तरी एका जागी राहू दे." त्यांनी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं, 'वड एक, कायम. बाकी तेरा, मुदत.'

दुपारी बायकांनीच कुदळी लावून ड्रम कापून काढला. वडाची मुळं आत गोल गोल गुंडाळली होती. जमिनीत गेल्यावर ती मोकळी झाली की नाही माहीत नाही, पण भिवाच्या डोळ्यांत पाणी आलं. करंबेळकरांनी त्याला उरलेली तेरा झाडं विकत मागितली, तेव्हा त्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली. झाड विकत घेणारी ही त्याची पहिलीच सोसायटी होती. गोल मग करंबेळकरांनीच नव्या नकाशात जमिनीवर आणले. सुधीरचं जांभूळ बाहेर गेलं, भाजी पुन्हा नुसती भाजी झाली. दिवाळीच्या आत दाखला आला आणि पाठोपाठ नळाचं कायमचं कनेक्शन. त्या सकाळी सुमतीबाईंनी पहिली बादली वडाला घातली.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण पुढल्या वर्षी वटपौर्णिमेला सकाळी सहा वाजताच करंबेळकरांची बेल वाजली. दारात एक अनोळखी बाई, हातात तबक आणि एक कागद. "आम्ही ठाकुर्लीच्या. आमच्या सोसायटीच्या दाखल्यावर वड एक आहे. तो हाच ना?" तिच्या मागे जिन्यावर आणखी बायका होत्या. आणखी कागद होते. अकराही सोसायट्या दप्तरी पुराव्यासह आल्या होत्या आणि झाड दाखल्यावर असेल तर सभासदांना त्याची पूजा नाकारता येणार नाही, असं कलम अकरामध्ये अत्यंत सुबक अक्षरात लिहिलेलं होतं.

करंबेळकर आत गेले, टेबलाशी बसले, कोरा कागद घेतला आणि वर लिहिलं, 'प्रति, मा. आयुक्त. विषय : सूचना.'

सुमतीबाई नथ अडकवत मागे येऊन उभ्या राहिल्या. आता पेन हिसकावून घेतात की काय, असं वाटून करंबेळकरांनी कागदावर कोपर ठेवलं.

"लिहा," त्या म्हणाल्या. "पण या वेळी शेवटचं कलम आधी लिहा."

करंबेळकरांनी थोडा विचार केला, पेनाला टोपण लावलं आणि उठून मोरीत गेले. नळाला भरपूर पाणी होतं. बादली भरून ते वडाला घालायला खाली गेले, तर अकरा सोसायट्यांच्या रांगेनं त्यांना वाट करून दिली.